तंबोरा लावणारा माणूस

आपल्या हॉस्टेलमधल्या बहुतेकांना मिरज माहीत असतं ते जंक्शन म्हणून. पुण्याची गाडी असो, बेळगावची असो, सोलापूरकडची असो, बदलायची मिरजेला. फार तर वॉनलेस हॉस्पिटल माहीत असतं, कारण घरातलं कोणी ना कोणी तिथं ॲडमिट झालेलं असतं. पण स्टेशनवरून रिक्षाने गावात गेलं की सतारमेकरांची गल्ली लागते. तिथं दारात मोठमोठे वाळलेले भोपळे रचून ठेवलेले दिसतात, आतून रंधा मारल्याचा आवाज येतो आणि मधूनच एखादी तार छेडली जाते. आपण मशीन शॉपमध्ये एक जॉब बिघडवला तर दुसरा घेतो. तिथं मात्र एक भोपळा बिघडला की त्या आकाराचा दुसरा मिळेपर्यंत हात बांधून बसावं लागतं.

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला, शिकायला इकडे. आमच्या गावाकडे सांगली-मिरज म्हणजे दुसरा जिल्हा. पण संस्थानं विलीन झाल्यावर १९४९ साली या भागाचा जो जिल्हा झाला त्याचं नाव दक्षिण सातारा होतं. सांगली हे नाव १९६० साली मिळालं. तेव्हा मिरजेवर थोडा हक्क आम्हा सातारकरांचाही आहे, असं मी रूममेटला नेहमी ऐकवतो.

तर झालं असं, की आपल्या संगीत मंडळासाठी तंबोरा घ्यायचं ठरलं आणि पाहणी करायला तिघांना पाठवलं. एक गाणं शिकलेली फर्स्ट इयरची मुलगी, एक इलेक्ट्रॉनिक्सचा मित्र (त्याचं मत आधीच ठरलेलं, की पेटीसारखा इलेक्ट्रॉनिक तंबोरा घ्या आणि मोकळे व्हा) आणि बांधणी तपासायला मेकॅनिकलचा मी. दिवसभर गल्लीत फिरलो. प्रत्येक ठिकाणी चहा झाला आणि प्रत्येक ठिकाणी बोलता बोलता एकच नाव निघालं. जो माणूस १९३७ साली गेला त्याच्याबद्दल तिथले कारागीर काल दुकानात येऊन गेल्यासारखं बोलत होते. ते नाव म्हणजे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ. परत आल्यावर मी लायब्ररीत बसून त्यांच्याविषयी मिळेल ते वाचलं. त्यातलं इंजिनिअरिंगच्या मुलांना आवडेल असं बरंच आहे, म्हणून हा लेख.

खाँसाहेबांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ चा, उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचा. आपण ज्याला किराणा घराणं म्हणतो ते या गावाच्या नावावरून. त्याचा वाण्याच्या दुकानाशी काही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकतो. घरात पिढ्यान्‌पिढ्या गाणं. वडील काले खाँ आणि काका यांच्याकडे शिक्षण झालं. गळ्याबरोबर हातही तयार झाला. सारंगी आणि बीन ही वाद्यं ते शिकले. ही दोन्ही अवघड वाद्यं. सारंगीला तर पडदेच नाहीत. स्वर कुठे आहे हे वाद्य सांगत नाही, कानाने शोधावं लागतं. ज्या पोराचं लहानपण अशा वाद्यावर गेलं, त्याला पुढे आयुष्यभर दुसऱ्याने आखलेल्या खुणांवर भरवसा ठेवायची सवय लागली नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

तरुणपणी, १८९४ च्या सुमारास, ते भावाबरोबर बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या दरबारात गायक झाले. तिथं सरदार माने यांची मुलगी ताराबाई गाणं शिकत होती. दोघांचं जमलं. एक मुसलमान गवई आणि एक मराठा सरदाराची मुलगी, काळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. पुढे काय झालं असेल याची कल्पना कोणीही करावी. दोघांनी बडोदं सोडलं, मुंबई गाठली आणि मग दक्षिण महाराष्ट्राची वाट धरली. दरबारची नोकरी, पगार, मान, सगळं मागे राहिलं.

ते दिवस प्लेगचे होते. मिरजेत आजही आख्यायिका सांगतात, की खाँसाहेबांना प्लेगने गाठलं, त्यांनी मिरासाहेबांच्या दर्ग्यात बसून गाऊन सेवा केली आणि ते बरे झाले. आख्यायिका ती आख्यायिका. पण एवढं खरं, की त्यानंतर मिरज हेच त्यांचं घर झालं. पटवर्धनांचं हे संस्थान तसं छोटं, पण गाण्याची कदर असलेलं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांसारखे गुरू इथं होऊन गेले, विष्णु दिगंबर पलुसकर इथंच त्यांच्याकडे शिकले. हवा कोरडी, तब्येतीला चांगली. आणि गावात वाद्यं करणारे कारागीर.

या कारागिरांची गोष्टही थोडक्यात सांगायला हवी. त्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. इंग्रजी अमलात तलवारींचं काम कमी झालं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब नावाच्या कारागिराने वाद्यदुरुस्तीत हात घातला, त्यातून नवी वाद्यं होऊ लागली आणि घराण्याचं आडनावच सतारमेकर पडलं. धार लावणाऱ्याच्या हाताला किती घासायचं आणि कुठे थांबायचं हे कळतं. तंबोऱ्याच्या जवारीला नेमकं तेच लागतं. उत्तरेतले वादक-गायक इथं येत, आपली वाद्यं दाखवत, त्यावरून शिकत शिकत मिरजेचं काम तयार झालं.

अशा गावात खाँसाहेब आले. वाद्य बिघडलं तर कारागिराकडे टाकून निघून जाणाऱ्यांतले ते नव्हते. वाद्यदुरुस्तीची हत्यारं ते प्रवासातही बरोबर ठेवत आणि घोडी, तारा, जवारी यांची कामं स्वतः करत. मिरजेतले लोक सांगतात, की ते कारागिरांच्या शेजारी बसून तंबोरा कसा बोलला पाहिजे हे दाखवत आणि मनासारखं होईपर्यंत उठत नसत. आपल्या भाषेत सांगायचं तर कस्टमर, क्वालिटी इन्स्पेक्टर आणि मेंटेनन्स डिपार्टमेंट, तिन्ही एकाच माणसात.

जवारी म्हणजे काय, हे माझ्यासारख्या मुलाने तंबोरा उघडून बघितल्याशिवाय कळत नाही. गिटारची तार घोडीच्या एका धारेवर टेकते. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा मात्र रुंद आणि किंचित उतरता असतो. तार कंप पावते तेव्हा त्या उतारावर हलकेच घासत राहते, म्हणजे तारेची कंप पावणारी लांबी क्षणाक्षणाला थोडी बदलते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा बारीक धागा सरकवतात. तो केसभर पुढेमागे झाला तरी आवाज मिटतो किंवा उघडतो. जागा बरोबर सापडली की एका तारेतून अनेक वरचे स्वर फुटू लागतात. सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली याच विषयावर निबंध लिहिला होता. साध्या तारेच्या नियमाप्रमाणे तार ज्या बिंदूला छेडली तिथं ज्या स्वराचा स्थिर बिंदू पडतो, तो स्वर ऐकू यायला नको. तंबोऱ्यात आणि वीणेत मात्र तोही ऐकू येतो, आणि याचं कारण ही रुंद घोडी, हे त्यांनी दाखवलं. पुस्तकातला नियम मिरजेच्या गल्लीत रोज मोडला जातो, आणि तोही कानशीने घासून!

यातली आणखी एक गंमत. तंबोऱ्याच्या चार तारा म्हणजे पंचम, दोन षड्ज आणि खर्ज. गंधाराची तार त्यात नाही. तरीही चांगला जुळलेला तंबोरा नीट ऐका, खर्जाच्या तारेतून गंधार स्वच्छ ऐकू येतो. तो खर्जाच्या पाचपट कंपनांचा स्वर असतो. षड्ज २४० धरला तर त्याच सप्तकात आणलेला हा गंधार बरोबर ३०० येतो. कीबोर्डवरचा गंधार मात्र ३०२.४ च्या आसपास असतो, कारण तिथं सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. फरक शंभरात एकापेक्षाही कमी. आपल्याला वाटतं, एवढ्याने काय होतंय? खाँसाहेबांचं सगळं आयुष्य या एवढ्याशा फरकात गेलं.

आणि इथं गोष्टीत एका साहेबाचा आणि एका डेप्युटी कलेक्टरचा प्रवेश होतो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांना ध्यास लागला, की जुन्या ग्रंथांतल्या बावीस श्रुती नेमक्या किती कंपनांच्या आहेत हे मोजून काढायचं. मोजायचं तर प्रमाण हवं. तारेची लांबी पट्टीने मोजता येते, पण ती तार बरोबर स्वरात लागली आहे हे कोण ठरवणार? त्यासाठी त्यांनी मिरजेच्या खाँसाहेबांचा गळा आणि कान घेतला. खाँसाहेबांनी स्वर लावायचा, देवलांनी तार त्याला मिळवायची, लांबी मोजायची, गुणोत्तर लिहायचं. १९१० साली देवलांचं बावीस श्रुतींवरचं इंग्रजी पुस्तक निघालं. अर्नेस्ट क्लेमंट्स नावाचे ब्रिटिश सनदी अधिकारी या कामात सामील झाले. त्यांनी १९१३ साली स्वतंत्र पुस्तकही लिहिलं.

१९१० हे साल मेकॅनिकलवाल्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याच वर्षी औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभा करायला घेतला, त्याचीच पुढे किर्लोस्करवाडी झाली. औंध आज सातारा जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. एकाच मुलखात, एकाच वर्षी, कोणी लोखंडी नांगराची मापं बसवत होतं आणि कोणी स्वरांची. मेट्रॉलॉजीच्या व्हायवाला हे कोणी विचारणार नाही, पण मला याचा अभिमान वाटतो.

मापं मिळाल्यावर पुढचं पाऊल म्हणजे वाद्य. पाश्चात्त्य हार्मोनियमला सप्तकात बाराच पट्ट्या. क्लेमंट्स आणि देवल यांनी बावीस श्रुती देणारी हार्मोनियम आखली आणि ती इंग्लंडमधल्या मूर अँड मूर कंपनीकडून बनवून घेतली. कल्पना करा, मिरजेच्या माणसाचा गळा सांगलीच्या पट्टीवर मोजला, त्याची आकडेमोड आगबोटीने विलायतेला गेली आणि पितळी पट्ट्यांची पेटी होऊन परत आली!

१९१६ साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. जे बडोदं खाँसाहेबांनी तसं सोडलं होतं तेच हे बडोदं. पंडित भातखंडे परिषदेचे कर्तेकरवते होते. तिथं या श्रुती-हार्मोनियमची चारचौघांत परीक्षा झाली. खाँसाहेब या पेटीच्या बाजूने उभे होते. पण जमलेल्या बुजुर्ग गवयांचं आणि भातखंड्यांचं समाधान झालं नाही. प्रत्येक घराण्याचा, प्रत्येक रागाचा कोमल ऋषभ काही एकाच जागी बसत नाही. पेटीने मात्र एक जागा पक्की केलेली. पेटी मागे पडली.

मी या प्रसंगावर बराच विचार केला. आपल्याला वाटेल, प्रयोग फसला, विषय संपला. पण मला त्यातून वेगळंच दिसतं. देवलांच्या मोजणीत खाँसाहेब स्वतः गेज होते. गेजवरून केलेला जॉब कितीही चांगला असला तरी तो गेजची जागा घेऊ शकत नाही. पेटी ही खाँसाहेबांच्या गळ्याची एका दिवसाची नोंद होती. गळा मात्र रोज नव्याने राग बघून जागा ठरवत होता. तरीही खाँसाहेबांनी मोजमापाला नाक मुरडलं नाही. ज्यांच्या घराण्यात विद्या लपवून ठेवायची रीत, त्या माणसाने आपला स्वर एका निवृत्त अधिकाऱ्याच्या पट्टीखाली ठेवला. त्या काळी हे किती गवयांनी केलं असतं?

विद्या न लपवण्याचं दुसरं उदाहरण म्हणजे त्यांची शाळा. १९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं, पुढे १९१७ साली मुंबईतही ते सुरू केलं. मुलं गुरूच्याच घरी राहायची. म्हणजे हॉस्टेलच म्हणा, फक्त मेसचं बिल गुरूने भरायचं! खर्च भागवण्यासाठी खाँसाहेब तिकीट लावून जलसे करत गावोगाव फिरायचे. रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे पुढचे सवाई गंधर्व, बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी, ज्यांनी पुढे गुरूचं मोठं मराठी चरित्र लिहिलं, हे सगळे त्यांचे शिष्य. त्यांच्याकडे टिपू नावाचा कुत्रा होता आणि त्यालाही त्यांनी स्वर लावायला शिकवलं होतं, असं शिष्यांच्या आठवणींत येतं. आमच्या विंगेत रात्री दोन वाजता जे गातात त्यांनी यातून आशा घ्यायला हरकत नाही.

पण सगळं सुरात चाललं नाही. शाळा, दौरे, कर्ज, संसार, सगळं एकाच माणसाच्या गळ्यावर उभं होतं. १९२२ च्या सुमारास ताराबाई पाचही मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांनी बापाचं नाव लावलं नाही. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, कमलाबाई, कृष्णराव, सरस्वती राणे ही ती मुलं. यांतल्या सुरेशबाबू, हिराबाई आणि सरस्वतीबाईंची नावं आपल्या आजी-आजोबांना विचारा, डोळे चमकतील. नाव गेलं, पण गळ्यातला स्वर कोणी काढून घेऊ शकलं नाही. हिराबाईंनी तर बायकांनी तिकीट लावून मैफल करणं प्रतिष्ठेचं करून दाखवलं आणि १९७० साली त्यांना पद्मभूषण मिळालं. ज्या बापाने बडोदं सोडलं त्याच्या लेकीच्या आडनावात बडोदं राहिलं. याला योगायोग म्हणायचा की काय, तुम्हीच ठरवा.

पुढच्या काळात खाँसाहेब मिरजेत राहून दौरे करत राहिले, विशेषतः दक्षिणेत. म्हैसूरच्या दरबारात त्यांना मान होता. तिकडचं कर्नाटक संगीत त्यांनी परकं मानलं नाही. तिकडचे राग आणि सरगमची पद्धत आपल्या गाण्यात आणली, त्यागराजांच्या रचनाही ध्वनिमुद्रित केल्या. तेव्हाच्या रेकॉर्डच्या एका बाजूला तीन मिनिटांच्या आसपासच गाणं मावायचं. ज्याला एक राग तासभर उलगडायची सवय, त्याने तीन मिनिटांत काय करायचं? खाँसाहेबांच्या झिंझोटीतल्या ठुमरीची जुनी रेकॉर्ड आज मोबाइलवर सहज मिळते. खरखर आहे, मान्य. पण पहिला स्वर लागताच कळतं की तीन मिनिटांतही त्यांनी घाई केलेली नाही. आवाज बारीक, टोकदार, कुठेही जोर नाही. धारवाड-गदगकडच्या भीमसेन जोशी नावाच्या पोराने लहानपणी त्यांची रेकॉर्ड ऐकली आणि गाणं शिकायला घर सोडलं. तो पोरगा पुढे सवाई गंधर्वांकडे, म्हणजे खाँसाहेबांच्याच शिष्याकडे, पोचला.

२७ ऑक्टोबर १९३७. खाँसाहेब मद्रासकडून पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत छातीत दुखू लागलं म्हणून चेंगलपट्टूजवळच्या सिंगपेरुमाळकोइल या छोट्या स्टेशनवर उतरले. गाव परकं, रात्रीची वेळ. सांगतात की त्यांनी प्लॅटफॉर्मवर अंथरूण घालायला लावलं, तंबोरा जुळवून घेतला आणि दरबारी रागात प्रार्थना म्हणत असतानाच ते गेले. वय ६४ पूर्ण. त्यांचं शव मिरजेला आणलं आणि मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केलं. तिथं दर वर्षी उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. हिंदू, मुसलमान, मोठे कलाकार, नवे कलाकार, सगळे हजेरी लावतात. तिकीट नाही.

आता पुन्हा आमच्या पाहणीकडे येतो, कारण खाँसाहेब वाचल्यावर तिथं काय बघितलं याचा अर्थ मला नीट लागला. आम्ही चार प्रकार शेजारी शेजारी ठेवून बघितले.

पहिला पुरुषी तंबोरा. भोपळा मोठा, दांडी लांब, आवाज खोल. खर्ज घुमला की बसलेल्या माणसाच्या छातीत जाणवतो. पण बसून वाजवताना वरच्या खुंटीपर्यंत आमच्या फर्स्ट इयरच्या गायिकेचा हात आरामात पोचेना. शिवाय जिन्यावरून नेताना दोन माणसं हवीत. दुसरा बायकी तंबोरा. दांडी आखूड, वजन कमी, मांडीवर नीट बसतो, चढ्या स्वराला चांगला बोलतो. तिसरी तंबोरी. भोपळ्याऐवजी चपटी लाकडी पेटी, प्रवासाला उत्तम, आवाज मात्र लहान. चौथा इलेक्ट्रॉनिक डबा. बटण दाबलं की चालू, आपटला तरी बहुतेक चालू. मित्राने त्याची बाजू जोरात मांडली आणि एकट्याने रियाज करायला तो खरंच सोयीचा आहे.

बांधणी कशी तपासायची हे तिथल्या एका वयस्कर कारागिराने समजावलं. भोपळे बहुतेक सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतात. वाळलेला भोपळा भिजवून, कापून, आतून साफ करून, काठ्यांचा ताण देऊन आकारात आणतात. बोटाने टिचकी मारत भोपळ्यावरून फिरायचं, आवाज सगळीकडे सारखा आला पाहिजे. दांडी डोळ्यासमोर धरून बंदुकीसारखा नेम धरायचा, वाक दिसता कामा नये. गळा आणि भोपळ्याचा सांधा नखाने चाचपायचा. तबलीच्या लाकडात गाठ नको. खुंटी फिरवून सोडली की तिथंच थांबली पाहिजे, मागे सरकली तर गाणाऱ्याचं निम्मं लक्ष तिकडेच जाणार. नक्षी आणि पॉलिश सगळ्यात शेवटी बघायचं. आणि हे सगळं पास झालं तरी तंबोरा घ्यायचा नाही. आधी जवारी लावायला सांगायची, चारी तारा जुळवायच्या आणि डोळे मिटून ऐकायचं. गंधार ऐकू आला तर पैसे काढायचे.

आमच्या अहवालात आम्ही बायकी तंबोऱ्याची शिफारस केली. सगळ्यांच्या हाताला पोचेल असं माप, आणि मोठ्याचा मोह टाळला. इलेक्ट्रॉनिक्सच्या मित्राने विचारलं होतं, की डबा जर कायम बरोबर स्वर देतो तर रोज अर्धा तास जुळवत कशाला बसायचं. त्याला मी खाँसाहेबांची गोष्ट सांगितली. डबा स्वर देतो, पण तो ओळखायला शिकवत नाही. खुंटी पिळताना, मणी सरकवताना, धागा केसभर हलवताना कान तयार होतो. जे खाँसाहेबांना सारंगीने शिकवलं ते आपल्याला तंबोरा थोडंफार शिकवेल. मित्राला पूर्ण पटलं असं नाही, पण अहवालावर सही त्यानेच पहिली केली.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे आता मिरजेचं नाव कायद्याने मिरजेच्याच वाद्याला लागणार. चांगली गोष्ट आहे. पण एका कारागिराने सांगितलेली अडचण शिक्क्याने सुटणारी नाही. त्याच्या मते मुलं हा धंदा शिकायला फारशी उत्सुक नाहीत, कारण जवारी लावायला हात बसायला वर्षं लागतात आणि तोवर हातात पैसा येत नाही. आपल्यातल्या कोणाला प्रोजेक्टला विषय सापडत नसेल तर त्या गल्लीत एक चक्कर मारा. भोपळ्याची जाडी मोजणं, लाकडाची आर्द्रता तपासणं, जुन्या चांगल्या वाद्यांच्या घोडीचा उतार नोंदवून ठेवणं, अशी कितीतरी कामं आहेत. देवलांनी एका पट्टीवर केलं, आपल्याकडे तर आख्खी लॅब आहे. फक्त एक करा. आकडे लिहून झाले की त्या म्हाताऱ्या कारागिराला शेजारी बसवा आणि तो काय ऐकतोय ते विचारा.

तंबोरा आता संगीत मंडळाच्या खोलीत आहे. गवसणीत ठेवलेला असतो, उन्हात ठेवायचा नाही, भिंतीला टेकवून तर मुळीच नाही. दर गुरुवारी जेवणाआधी आम्ही तो जुळवायला बसतो. गाता येत नसलं तरी या. सर लोकांनीही यावं. पहिला अर्धा तास नुसती खुंट्यांची कुरकुर चालते, तेव्हा कंटाळून उठू नका. गंधार त्यानंतर ऐकू येतो.